दारू, आरोग्य आणि आपले घर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 मी काही विदुषी नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे संसार, मुलेबाळे आणि दुपारच्या वेळात जमेल तेवढे वाचन. तेव्हा बोलण्यात काही उणे-अधिक झाले तर सांभाळून घ्यावे, ही विनंती.

वर्धापनदिनाला दारूचा विषय कशाला, असे एखादीला वाटेल. आपल्या मंडळात पाककृतींवर बोलणे होते, शिवणावर होते, मुलांच्या आरोग्यावर होते, बचतीवर होते. पण ज्या एका गोष्टीपायी डब्यातले सामान, शिवणाचे पैसे, घरातल्यांचे आरोग्य आणि बचत ही चारही एकदम जातात, तिच्याविषयी आपण जिन्यात उभे राहून फक्त कुजबुजतो. सभेत तिचे नाव काढीत नाही. कुजबुजीने कोणाचे भले झालेले मी तरी पाहिले नाही. म्हणून आज उघडपणे बोलू या.

दुसरे कारण असे की, या विषयावर आपले एकमत नाही. आपणा पन्नास-साठ जणींत पाच-सहा प्रकारची मते आहेत आणि प्रत्येकीला आपलेच खरे वाटते. ती मते आधी शांतपणे समोर मांडते.

पहिले मत माळकरी घराचे. आमच्या सासूबाई माळकरी. तुळशीची माळ गळ्यात घातली की मांस आणि मद्य वर्ज्य, हा वारकऱ्यांचा नेम पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. मुसलमान भगिनींच्या घरीही धर्मानेच दारू निषिद्ध मानली आहे. अशा घरातल्या मुलाला पहिल्या पेल्यापाशी जाण्याआधी एक कुंपण ओलांडावे लागते आणि कित्येक मुले त्या कुंपणापाशीच परत फिरतात. हा त्या नेमाचा मोठाच उपकार आहे. पण याच घरांत एक अडचणही होते. दारू म्हणजे पाप म्हटले, की पिणारा पापी ठरतो. मग तो लपून पितो, आणि घरही ते लपविते. औषध-उपचाराची वेळ आली तरी वैद्याकडे जायचे कोणत्या तोंडाने, असे होऊन बसते.

दुसरे मत सणावाराचे. गडचिरोली, नंदुरबार या भागांतील आदिवासी बांधव मोहाच्या फुलांची दारू देवाला वाहतात, लग्नकार्यात देतात. गोव्यातील कित्येक घरांत काजूची फेणी पाहुण्यापुढे ठेवण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. या लोकांना सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. त्यांच्या जुन्या चालीत वेळ ठरलेली असे, निमित्त ठरलेले असे, आणि चार वडीलधारी माणसे समोर असत. घात झाला तो ही वेळ आणि हे माप सुटल्यावर. बारा महिने बाटली मिळू लागली, एकटा माणूस कोपऱ्यात बसून पिऊ लागला, की त्यात देव उरत नाही आणि सणही उरत नाही. गडचिरोलीत दारूविरुद्ध जी चळवळ झाली तीत आदिवासी गावे आणि तिथल्या बायका पुढे होत्या, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आपली चाल कुठे संपते आणि नाश कुठे सुरू होतो, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळले.

आपल्याकडची 'गटारी' पाहा. आषाढातली अमावास्या ही खरी दिव्यांची अवस. समया-निरांजने घासूनपुसून पाटावर मांडायची, त्यांची पूजा करायची, कणकेचे दिवे उकडायचे, असा तो सोज्ज्वळ दिवस. त्याला आता गटाराचे नाव चिकटले. पुढे श्रावण पाळायचा, म्हणून आधीच पोटभर घ्यायची! श्रावण पाळणारे म्हणतात, "बघा, महिनाभर शिवत नाही, म्हणजे ती माझ्या हातात आहे." महिनाभर थांबता येणे चांगलेच आहे. पण जो दिवस मोजत बसतो आणि श्रावण संपताच मागची बाकी वसूल करतो, त्याच्या हातात ती आहे की तिच्या हातात तो आहे, याचा विचार घरच्यांनी करावा.

तिसरे मत औषधाचे. बाळाला सर्दी झाली, चमचाभर ब्रँडी द्या. थंडी आहे, घोटभर घेतली की ऊब येते. झोप लागत नाही, थोडी घेतली की लागते. ही मते चांगल्या सुशिक्षित घरांतही ऐकू येतात. डॉक्टरांचे सांगणे मात्र उलट आहे. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब वाटते. पण त्याच वाटेने अंगातली उष्णता बाहेर जाते. झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्री ती मोडते, आणि सकाळी माणूस शिणलेलाच उठतो. आणि तान्ह्या बाळाला ब्रँडी कधीही देऊ नये. त्याच्या रक्तातली साखर एकाएकी उतरू शकते आणि जिवावर बेतू शकते. घरात सुना-लेकी बाळंत होतात, म्हणून हे मुद्दाम सांगते. गरोदरपणीही दारूचे असे कोणतेच माप नाही, जे पोटातल्या बाळाला निर्धोक म्हणता येईल.

चौथे मत प्रतिष्ठेचे. पूर्वी दारू म्हणजे गुत्ता, असे वाटे. आता ती काचेच्या कपाटात येऊन बसली आहे. बढती झाली, पार्टी. गाडी घेतली, पार्टी. "गावठी वाईट, पण हिला काही होत नाही, ही महागाची आहे," असे म्हणणारे भेटतात. पाचवे मत, "ज्याचे त्याचे घर, आपण कशाला नाक खुपसा?" असे म्हणणाऱ्यांचे.

आणि सहावे मत अलीकडच्या मुलांचे. ते मला फार आवडते. माझा भाचा नोकरीला शहरात आहे. व्यायाम करतो, पहाटे धावायला जातो. मित्रांच्या बैठकीत तो लिंबू-सरबत मागतो. कोणी चेष्टा केली तर म्हणतो, "मला उद्या धावायचे आहे." तो पाप म्हणत नाही, पुण्य म्हणत नाही, कोणाला उपदेश करीत नाही. त्याला आपले शरीर नीट हवे आहे, बस्स. ही मुले आपल्याला नवी वाट दाखवीत आहेत.

तर ही सहा मते झाली. प्रत्येकात थोडे खरे आहे. पण भगिनींनो, आपले मत काय आहे हे आपले यकृत विचारीत नाही. त्याला फक्त माप कळते. म्हणून आता स्वयंपाकघरातल्या मापासारखे हे माप समजून घेऊ.

व्हिस्कीचा ३० मिलीलिटरचा लहान पेग घेतला, तर त्यात सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. एवढ्याचा निचरा करायला यकृताला साधारण तास लागतो. १८० मिलीलिटरची क्वार्टर म्हणजे असे सहा पेग, म्हणजे सहा तासांचे काम. आता बिअर घ्या. "बिअर म्हणजे काय, बार्लीचे पाणी," असे म्हणतात ना? ८ टक्क्यांच्या कडक बिअरच्या ६५० मिलीलिटर बाटलीत सुमारे ४० ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे ते बार्लीचे पाणी चार पेगांचे झाले! महागाची असो वा स्वस्तातली, आत मद्यार्क तोच. आणि ताक, लिंबू, कडक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी तो तास कमी होत नाही. उतरायला वेळच जावा लागतो.

रोज हे काम पडले की यकृतावर आधी चरबी चढते. या टप्प्यावर थांबले तर ते बरेचसे सुधारते, हा देवाचा उपकार. पुढे त्याला सूज येते, आणि शेवटी ते निबर होते. मग डोळे पिवळे, पोटात पाणी, अशी लक्षणे दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच दारूला कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत घातले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे, आणि स्त्रियांच्या स्तनांच्या कर्करोगाशीही आहे. २०२३ सालच्या जानेवारीत याच जागतिक संघटनेने स्पष्ट सांगितले, की आरोग्याला निर्धोक असे दारूचे कोणतेही माप नाही. "थोडी घेतली तर हृदयाला चांगली" असे निरोप मोबाईलवर येतात, त्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

आणखी एक हिशेब सांगते. "हल्ली सगळेच घेतात," हे वाक्य आपण रोज ऐकतो. सरकारची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तीत आपल्या देशातील १५ वर्षांवरील पुरुषांपैकी शंभरांत सुमारे १९ जण दारू घेतात, आणि बायकांपैकी शंभरांत सुमारे १, असे आढळले. म्हणजे शंभरांतले ८० पुरुष घेत नाहीत. मग 'सगळे' कोण? आपल्या मुलांना हा आकडा जरूर सांगावा. न घेणारा मुलगा एकटा नाही, घेणाऱ्यांची संख्याच थोडी आहे, हे त्याला कळले पाहिजे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. कधीमधी घेणारा, नेहमी घेणारा आणि जिला घेतल्यावाचून राहता येत नाही अशा अवस्थेला पोचलेला, हे तिघे एक नव्हेत. तिसऱ्याची लक्षणे ओळखता येतात. तेवढ्याच नशेसाठी माप वाढत जाते. सकाळी हात कापतात आणि घोट घेतला की थांबतात. बाटली कपड्यांच्या कपाटात, गाडीच्या डिकीत, शेतातल्या खोपीत लपविली जाते. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ चार दिवसांत मोडते. आपण म्हणतो, याला मुलांची माया नाही. माया असते. पण हा आजार आहे, आणि आजार शपथेने जात नाही. वैद्यकशास्त्राने त्याला आजार मानल्याला कित्येक वर्षे झाली.

पाप म्हटले की शिक्षा आठवते, आजार म्हटले की उपचार आठवतो. मात्र आजार म्हटल्याने माणसाची जबाबदारी सुटत नाही. मधुमेह झाला म्हणून आपण रागावत नाही, पण पथ्य ज्याचे त्यालाच करावे लागते.

आमच्याच घरची गोष्ट सांगते. माझ्या जाऊबाईंची आणि भाऊजींची संमती घेऊन सांगते. भाऊजी कारखान्यात कामाला. हात कुशल, स्वभाव गोड. पस्तिशीच्या आत हे व्यसन जडले. पगाराच्या दिवशी ते घरी येईपर्यंत निम्मा पगार उरत नसे. सासूबाईंनी एकदा त्यांचे देणे फेडायला पाटल्या मोडल्या. कामावर खाडा झाला की जाऊबाई फोन करून सांगत, "त्यांना ताप आहे." मुलांना सांगत, "बाबा थकलेत." हे सारे मायेपोटी होते, अब्रूपोटी होते.

शेवटी जाऊबाई एका व्यसनमुक्ती केंद्रात एकट्याच जाऊन आल्या. तिथल्या समुपदेशक बाईंनी त्यांना एवढेच विचारले, "दारू ते पितात, पण तिची किंमत कोण देते?" जाऊबाई घरी आल्या आणि रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. देणे आई फेडते, खोटे बायको बोलते, उलटी सून पुसते, मार मुले खातात. पिणाऱ्याला तिची काहीच किंमत पडत नव्हती. मग घरात तीन गोष्टी ठरल्या. जेवण आणि अंथरूण मिळेल, पैसा मिळणार नाही. कामावर किंवा सोयऱ्यांत कोणी खोटे बोलणार नाही. आणि ते प्यालेले असताना कोणी वाद घालणार नाही. बोलायचे ते सकाळी, शुद्धीवर असताना. सासूबाईंना हे फार जड गेले. पण त्या माऊलीने ते पाळले.

पहिला महिना वाईट गेला. मग एके दिवशी भाऊजींनी रागाच्या भरात स्वतःच दारू एकदम बंद केली. घरात आनंद झाला. दुसऱ्या दिवशी त्यांना घाम सुटला, हात थरथरू लागले आणि रात्री झटका आला. इस्पितळात नेल्यावर डॉक्टरांनी सांगितले, रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम थांबणे धोक्याचे असते. झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. औषधाच्या आधाराने, वैद्याच्या नजरेखालीच सोडवावी लागते. भगिनींनो, ही एक गोष्ट सर्वांनी गाठीला बांधून ठेवा.

तिथून ते केंद्रात पाच आठवडे राहिले. आठ महिने बरे गेले आणि एका लग्नाच्या वरातीत पुन्हा घसरले. पुन्हा गेले. आज सात वर्षे झाली. पण ते कधी "माझी सुटली" असे म्हणत नाहीत. "आज घेतली नाही," असे म्हणतात. रोजचा दिवस रोज सांभाळायचा, हे त्यांना त्यांच्या सभेत शिकविले आहे.

ती सभा म्हणजे 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन या गावी एक शेअरचा दलाल आणि एक शस्त्रवैद्य, दोघेही पिण्याने बेजार झालेले, एकमेकांशी बोलू लागले. एका पिणाऱ्याचे दुःख दुसऱ्या पिणाऱ्यालाच कळते आणि त्या बोलण्याने दिवस टळतो, असे त्यांना आढळले. त्यातून ही संघटना झाली. आज आपल्याकडेही तिच्या सभा भरतात. फी नसते, आडनाव विचारीत नाहीत. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी 'अल्-अनॉन' म्हणून वेगळी सभा असते, ती १९५१ पासूनची. आपल्या महाराष्ट्रात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले, पु. ल. देशपांडे यांचे त्याला साहाय्य होते. तिथे बायकांनाही बोलावून बोलते करतात, कारण घरातला एक आजारी असला तरी आजारपण साऱ्या घराला येते, हे त्यांनी ओळखले.

इथे मला 'एकच प्याला' नाटकातली सिंधू आठवते. राम गणेश गडकऱ्यांचे हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले आणि बालगंधर्वांची सिंधू पाहून घरोघरच्या बायका पदराने डोळे पुशीत. सिंधूने काय केले? सारे सोसले. दळण दळून घर चालविले, पण नवऱ्याला शब्दाने दुखविले नाही. शंभर वर्षे आपल्याला सिंधूचे कौतुक सांगितले गेले. तिच्या पुण्याईबद्दल मला आदरच आहे. पण मी विचारते, तिच्या सोसण्याने सुधाकर वाचला का? नाही. तो गेला, तीही गेली. त्या काळी सिंधूला जायला केंद्र नव्हते, सभा नव्हती, महिला मंडळ नव्हते. आपल्याला आहे. तेव्हा आपण सिंधूची माया घ्यावी, तिचे मौन घेऊ नये.

आणि मौनाचा एक कटू प्रसंग आपल्याच मंडळातला आहे. मागे एका सभेत बोलता बोलता कोणीतरी म्हणाले, "दारुड्यांच्या बायकाच त्यांना नीट ठेवीत नाहीत." पलीकडे बसलेली एक भगिनी खाली मान घालून उठली आणि त्यानंतर ती मंडळात आली नाही. तिचे नाव मी घेणार नाही, तुम्हीही कोणी घेऊ नका. पण हे वाक्य पुन्हा आपल्या सभेत उच्चारले जाऊ नये. बायकोच्या स्वयंपाकामुळे कोणाला क्षय होत नाही, तसे बायकोच्या स्वभावामुळे कोणाला हे व्यसन लागत नाही. ते तिने आणलेले नाही, आणि तिच्या एकटीने ते जाणारही नाही. तिला हवी असते ती शेजारी बसणारी दुसरी बाई.

आता दुकाने बंद करण्याविषयी. आपल्या थोरांनी हा प्रश्न केव्हाच ओळखला होता. जोतीराव फुल्यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली शहरातील दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिले. गाडगेबाबांनी कीर्तनांतून गावोगाव दारू सोडायला सांगितले. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला; राज्यघटनेच्या ४७व्या कलमातही दारूबंदीचे ध्येय लिहिलेले आहे. पुढे बंदी सैल झाली. गडचिरोलीत लोकचळवळीनंतर १९९३ मध्ये जिल्ह्यापुरती दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. कायदा आला की सारे संपले, असे होत नाही आणि कायदा निरुपयोगी आहे, असेही नाही. दुकान घराजवळ नसले, तर पिणाऱ्याचा निश्चय संध्याकाळी थोडा जास्त टिकतो, मुलांच्या डोळ्यांपुढे ती पाटी येत नाही. पण चोरून गाळलेल्या दारूचे भयही विसरता येत नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. त्यांतली बहुतेक हातावर पोट असणारी होती.

आपल्या राज्यात बायकांना एक अधिकार आहे, तो 'आडव्या बाटली'चा. नियमात ठरविलेल्या संख्येने महिलांनी मागणी केली, की दुकानाविषयी गुप्त मतदान घेतात. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात. आडवीला पुरेशी मते पडली की दुकान बंद. यात बाई मतदानाला घराबाहेर पडली, हेच अर्धे यश असते. आपल्याकडे तशी वेळ आली, तर मंडळाने मागे राहू नये असे माझे मत आहे. पण दुकान बंद करून आपले काम संपले असेही मानू नये. कारण दुकान बंद झाले तरी आजारी माणूस घरातच असतो.

मग घरात काय करावे? मला जे उपयोगाचे वाटले ते सांगते.

वर्तमानपत्रात आणि मोबाईलवर जाहिरात येते, "पिणाऱ्याला न कळत दारू सोडवा." जेवणातून पूड द्यायची. असे कधी करू नका. काही पुड्यांत काय असते ते ठाऊक नसते. आणि डॉक्टर देतात त्यातले एक औषध असे आहे, की ते पोटात असताना दारू घेतली तर छाती धडधडते, रक्तदाब उतरतो, जीव धोक्यात येतो. ते रोग्याला सांगूनच, वैद्याच्या देखरेखीखाली द्यायचे असते. औषध चोरून दिले तर विश्वासही जातो.

घरात मारहाण होत असेल, तर "तो शुद्धीत नव्हता" ही सबब मानू नका. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आपल्या संरक्षणासाठी आहे. अडचणीत ११२ क्रमांकावर फोन लागतो. रेशन कार्ड, मुलांचे दाखले, बँकेचे पुस्तक आणि थोडे पैसे एका पिशवीत विश्वासू शेजारणीकडे ठेवावेत. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा सरकारी क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

पिणाऱ्याच्या आणि आपल्याही आहाराकडे पाहा. दारूने भूक मरते आणि शरीरातले 'ब-१' जीवनसत्त्व कमी होते. त्यामुळे पायांना मुंग्या येतात, स्मरण जाते. सोडलेल्या माणसाला डाळी, उसळी, शेंगदाणे, तीळ, भाजी-भाकरी नेमाने द्यावी. आमच्या भाऊजींना संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ फार जड जाई. जाऊबाईंनी जेवण लवकर करायला सुरुवात केली आणि पुढे दोघे मारुतीच्या देवळापर्यंत चालून येऊ लागले. रिकामे पोट आणि रिकामी संध्याकाळ, या दोन्ही वाईट. आणि एक हिशेब भिंतीवर लावला होता. रोजचे १०० रुपये वाचले तर वर्षाला ३६,५०० होतात. मुलीच्या शिक्षणाची फी त्यातून गेली.

शेवटी आपल्या आग्रहाविषयी. पाहुण्याला जिलेबीचा आग्रह करणे ही आपली रीत आहे, आणि ती गोड आहे. पण तोच आग्रह पेल्यालाही होऊ लागला आहे. "एवढी घेच, माझी शपथ आहे." सात वर्षे सांभाळलेला माणूस अशा एका शपथेने घसरू शकतो. कोणी नको म्हटले, तर कारण विचारू नये आणि दुसऱ्यांदा पुढे करू नये. आपल्या घरच्या कार्यात कोकम सरबत, पन्हे, मठ्ठा अशी व्यवस्था आधी ठेवावी, म्हणजे न घेणाऱ्याच्या हातातही पेला असतो आणि त्याला चारचौघांत अवघडल्यासारखे होत नाही.

अध्यक्षबाई, माझी मंडळाला दोन विनंत्या आहेत. एक, महिन्यातून एक दुपार अशी ठेवावी, की जिच्या घरी हा प्रश्न आहे तिने येऊन बसावे, बोलावे किंवा नुसते ऐकावे, आणि तिथले बोलणे त्या खोलीबाहेर जाऊ नये. जाऊबाई त्या दुपारी येऊन बसायला तयार आहेत. दुसरी, जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रातील कोणी जाणकार बाई वर्षातून एकदा इथे बोलावाव्यात. खर्च फार नाही, आणि जमले तर आमच्या बचत गटातून थोडी मदत देऊ.

माळकरी असो, सणाला घेणारे असो, पार्टीला जाणारे असो, आपली मते वेगळी राहतील. राहू देत. पण आजारी माणसाला वैद्याकडे न्यावे, त्याच्या घरच्या बाईला एकटे टाकू नये आणि तिच्या मुलांना चिडवू नये, एवढ्या तीन गोष्टींवर तरी आपले एकमत व्हायला हरकत नसावी.